जिनापासून चिलखती गाडीपर्यंत

शस्त्रांचा इतिहास लिहितांना आपली दृष्टि बहुधा दोघांवर खिळते: एक तें घडविणारा कारागीर व दुसरा तें चालविणारा वीर. परंतु या दोघांच्या मध्यें एक तिसरा मनुष्य उभा असतो, आणि त्याचें नांव बखरकार सहसा घेत नाहींत. जिनाला पट्टे शिवणारा जिनगर, उंटाच्या खोगिरांत लोखंडी खुंटा बसविणारा लोहार, मोटारीच्या पोलादी अंगांत बंदुकीची बैठक पक्की करणारा कामगार, हे ते लोक होत. धांवत्या वाहनावर शस्त्र असें बसवावयाचें कीं, हिसक्यानें तें पडूं नये, आपोआप सुटूं नये, परक्याच्या हातीं लागूं नये, आणि धन्याच्या हाताला मात्र क्षणांत यावें! पहिल्या तीन अटी शस्त्र जखडून टाका म्हणतात. चौथी तें मोकळें ठेवा म्हणते. या झगड्याचा इतिहास मोठा बोधप्रद आहे, आणि आज अहिल्यानगर या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या अहमदनगर जिल्ह्यांत त्याच्या खुणा सहज सांपडतात. म्हणून त्याचा थोडा विचार येथें करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

बंदूक प्रथम आली ती जळत्या वातीची. एका हातीं लगाम व दुसऱ्या हातीं पेटती वात घेऊन घोडा दौडविणें म्हणजे मोठी कसरतच. सोळाव्या शतकांत युरोपांत चाकाच्या घर्षणानें ठिणगी पाडणारा चाप निघाला, आणि तेव्हांपासून भरलेलें पिस्तूल स्वाराला जवळ बाळगतां येऊं लागलें. तें ठेवावें कोठें? जिनाच्या पुढील उंचवट्याच्या दोन्ही अंगांस चामड्याचीं म्यानें लटकवावीं, त्यांत तोंड खालीं करून पिस्तुलें घालावीं, व पावसापासून बचाव म्हणून वर झांपण ओढावें, अशी रीति पडली. भार घोड्यावर गेला. हात मोकळा झाला.

परंतु या सोयीच्या पोटांतच एक दोष होता. घोडा पडला किंवा उधळला, कीं शस्त्रहि त्याच्याबरोबर गेलें! ज्या क्षणीं स्वाराला पिस्तुलाची गरज अधिक, नेमक्या त्याच क्षणीं तें दूर. आपल्याकडील शिलेदाराचा घोडा त्याच्या स्वतःच्या मालकीचा असे, व बारगिराला तो सरकारांतून मिळे; पण पायउतार झाल्यावर दोघांचीहि भिस्त अखेर कमरेच्या तरवारीवरच. पुढें एकोणिसाव्या शतकांत अनेक बारांचें फिरतें पिस्तूल आलें, तेव्हां तेंहि हळूहळू जिनावरून स्वाराच्या कमरेस आलें. शस्त्र वाहनाचें कीं मनुष्याचें, या प्रश्नाचा हा पहिला निवाडा होय.

घोड्याला न पेलणारें शस्त्र उंटाच्या पाठीवर चढलें. जंबुरा म्हणजे लहान तोफच. फारशी भाषेंत गांधीलमाशीला जो शब्द आहे, त्यावरून हें नांव आलें. खोगिरांत घट्ट बसविलेल्या लोखंडी खुंट्यावर ती चहूंकडे फिरे, आणि बार काढण्यापूर्वीं बहुधा उंटाला खालीं बसवीत. 1761 च्या पानिपतावर अब्दालीच्या अशा जंबुऱ्यांचा मार आपल्या सैन्यास चांगलाच जाणवला. तथापि बार काढावयास वाहन थांबवावें लागे, हें विसरतां कामा नये.

याच गोष्टीचें प्रत्यंतर जामखेड तालुक्यांतील खर्ड्याच्या माळावर येतें. 11 मार्च 1795 रोजीं मराठे व निजाम यांची तेथें गांठ पडली. निजामाचें घोडदळ पुढें आलें, तेव्हां रघूजी भोसल्यांच्या बाणांचा वर्षाव व पेरोननें उंचवट्यावर मांडलेल्या 35 तोफांचा मारा यांपुढें तें टिकलें नाहीं. निजामाला अखेर खर्ड्याच्या किल्ल्याचा आश्रय घ्यावा लागला. जमिनीवर ठाम बसलेल्या तोफेपुढें धांवत्या घोड्यावरील हत्यार किती दुबळें, हें त्या दिवशीं दिसून आलें. मग धांवत्या वाहनालाच तोफेची ठाम बैठक देतां येईल काय?

याचें उत्तर पाहावयाचें तर नगर शहरांतील रणगाडा संग्रहालयांत जावें. 1994 सालीं स्थापन झालेल्या या संग्रहालयांत रोल्स रॉईसची जुनी चिलखती मोटार आहे. पहिल्या महायुद्धांत नांवाजलेल्या या जातीच्या मोटारीवर फिरता बुरूज असून त्यांत विकर्स मशीनगन बसवीत. उंटावरील खुंट्याचीच कल्पना ही, मात्र आतां बंदुकीबरोबर तिला चालविणाराहि पोलादाच्या आड फिरूं लागला. शेजारींच सेंच्युरियन रणगाडा आहे. त्याच्या तोफेला जायरोस्कोपची जोड असल्यानें गाडी खांचखळग्यांतून चालली, तरी तोफेचा रोख फारसा ढळत नसे. खर्ड्याच्या माळावर पडलेलें कोडें असें दीडशें वर्षांनीं सुटलें.

आतां कोणी म्हणेल, या युद्धकथांचा संसारी मनुष्यास काय उपयोग? परवान्याचें पिस्तूल बाळगून मालमोटारीनें किंवा जीपनें आडरानांतून जाणारे लोक आजहि आहेत, व त्यांच्यापुढें जिनगराचाच प्रश्न उभा आहे. म्यान गाडीच्या पक्क्या लोखंडास बोल्टांनीं आवळलेलें असावें. पातळ पत्र्यावर वा नुसत्या चिकटपट्टीवर भरंवसा ठेवूं नये. त्यानें चाप पुरता झांकावा, व नळीचा रोख कोणाच्याहि अंगाकडे नसावा. 2016 च्या शस्त्रनियमांनींहि सार्वजनिक जागीं पिस्तूल म्यानांत झांकलेलें व बाळगणाऱ्याच्या पूर्ण ताब्यांत असावें, असेंच सांगितलें आहे. आणि गाडींतून उतरतांना तें मागें ठेवणें म्हणजे उधळत्या घोड्याबरोबर शस्त्र घालविणेंच होय. फरक इतकाच कीं, घोडा गेला तर धनी निःशस्त्र होई. गाडींत राहिलेलें पिस्तूल चोराच्या किंवा एखाद्या अजाण मुलाच्या हातीं पडतें.

शस्त्र कोणीहि विकत घेऊं शकेल. त्याला ताब्यांत ठेवण्याची विद्या मात्र पिढ्यान्‌पिढ्यांच्या ठेचांनीं मिळाली आहे. संग्रहालयांतील बुरुजाकडे पाहतांना, बखरीबाहेर राहिलेल्या त्या जिनगराचें आम्हांस म्हणूनच स्मरण होतें.