टर्बोच्या नळीची कुळकथा

अमरावती ते अकोला या पट्ट्यातील मिस्त्रीमंडळींत एका दुखण्याचा निवाडा फार झटपट होतो. टर्बोकडून हवा गार करणाऱ्या इंटरकूलरकडे जाणारी निळी सिलिकॉनची नळी बाहेरून ओशट झाली, तिच्यावर काळ्या मातीचा धुरळा बसून लेप तयार झाला, की ‘तेल येऊन राह्यलं, टर्बो गेला’ असा हुकूम सुटतो आणि मालकाच्या खिशाला कात्री लागते. या निकालाविरुद्ध नळीच्या वतीने कैफियत मांडावयाची, तर तिची वंशावळच दप्तरातून काढावी लागेल.

या घराण्यात दोन कुळांची सोयरीक झालेली आहे. पहिले कूळ टर्बोचे. धुराड्यावाटे वाया जाणाऱ्या तप्त वायूंनी एक चक्र फिरवावे आणि त्या चक्राने इंजिनात हवा कोंबावी, या कल्पनेचे पेटंट स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी याने 1905 मध्ये घेतले. पुढे 1918 मध्ये अमेरिकेत सॅनफर्ड मॉस याने लिबर्टी विमान-इंजिन पाइक्स पीक या सुमारे 14,000 फूट उंचीच्या शिखरावर नेले. समुद्रसपाटीवर 350 अश्वशक्ती देणारे ते यंत्र तेथील विरळ हवेत 230 पर्यंत खचले. टर्बो जोडताच 356 वर गेले.

दुसरे कूळ वाळूतून निघालेले. नॉटिंगहॅमच्या फ्रेडरिक किपिंग यांनी विसाव्या शतकाच्या आरंभापासून सिलिकॉनच्या संयुगांवर अनेक दशके वेचली, परंतु हाती येणाऱ्या त्या चिकट, गोंदासारख्या पदार्थांचा व्यवहारात काही उपयोग होईल, अशी आशा त्यांनी स्वतःच धरली नाही. 1940 मध्ये जनरल इलेक्ट्रिकच्या युजीन रोको याने सिलिकॉनच्या कच्च्या मालाची सुलभ रीत शोधली, 1943 मध्ये डाऊ कॉर्निंग ही कंपनी खास याच उद्योगासाठी उभी राहिली, आणि महायुद्ध संपण्यापूर्वीच बी-29 विमानांच्या टर्बोत सिलिकॉन रबराची गॅस्केटे बसली. सोयरीक अशी जुनी आहे; मात्र ती उष्णतेच्या अटीवर ठरली होती, तेलाचा उल्लेख त्या करारात नव्हता.

सिलिकॉन रबर सुमारे 200 अंश सेल्सिअसचा ताप सोसते. परंतु त्याच्या रेणूंच्या साखळ्या परस्परांस इतक्या सैल धरून असतात, की वायू आणि बाष्प त्यांतून सुखेनैव पार होतात. शस्त्रक्रियेच्या वेळी रक्तास प्राणवायू पुरविणाऱ्या यंत्रांत याच रबराचे पडदे वापरले गेले, ते याच गुणामुळे. जो गुण तेथे जीव वाचवितो, तोच बॉनेटखाली बदनामी ओढवून आणतो. पिस्टनच्या रिंगांवरून निसटलेले वायू क्रँककेसमधील तेलाचे तुषार घेऊन ब्रीदरच्या वाटेने टर्बोच्या तोंडाशी येतात, टर्बो त्यांना दाबून, तापवून पुढे लोटतो, आणि ते तेल नळीच्या आतल्या भिंतीवर साचते. मग रबरात मुरते, रबर फुगते, आतल्या कापडाच्या धाग्याधाग्याने ते पसरते आणि अखेर बाहेर घामासारखे फुटते. फुगून मऊ पडलेल्या टोकांवर क्लिपची पकड ढिली झाली, की कडेनेही पाझर सुरू होतो. (पूर्वीच्या रबरी नळ्यांतील कापड सुती असे, सिलिकॉनच्या नळीत त्याची जागा पॉलिएस्टर आणि अ‍ॅरॅमिड यांनी बळकावली, ही नोंद कपाशीच्या मुलखात बसून लिहिणाऱ्याने केलीच पाहिजे.)

आपल्याकडे 2007 मध्ये मारुती स्विफ्टचे डिझेल इंजिन आले आणि टर्बो मध्यमवर्गाच्या अंगणात उभा राहिला. 2022 च्या जूनमध्ये अमरावती-अकोला मार्गावर लोणी ते माना या टप्प्यात एका मार्गिकेचा 75 किलोमीटरचा डांबरी पट्टा 105 तास 33 मिनिटांत अखंड अंथरून विश्वविक्रम झाला, आणि त्या गुळगुळीत रस्त्यावर टर्बोला उसंत देण्याचे कारणच उरले नाही. त्यात मे महिन्यात अकोल्याचा पारा 45 अंशांपलीकडे चढला, की इंटरकूलरला गार हवा मिळावी तरी कोठून?

याकरिता मालकांस विनंती एवढीच, की नळी बदलावयाची झाल्यास आतून फ्लुओरोसिलिकॉनचा थर असलेलीच मागून घ्यावी, कारण तो थर तेलास दाद देत नाही. आणि डिपस्टिकवर तेल घटत असेल, निळा धूर निघत असेल किंवा टर्बोच्या शाफ्टला नेहमीपेक्षा जास्त प्ले आला असेल, तरच टर्बो खोलण्यास परवानगी द्यावी.