फायद्याच्या पोटी आलेली सेवा
रोटरी क्लबची कुळकथा

जुलै उजाडला की महाराष्ट्रातल्या तालुक्याच्या गावांतूनही रोटरीचे पदग्रहण समारंभ सुरू होतात. मावळते अध्यक्ष आपल्या गळ्यातली कॉलर काढून नव्या अध्यक्षांच्या गळ्यात घालतात. तिच्यावर आजवरच्या अध्यक्षांच्या नावांच्या छोट्या पट्ट्या ओळीने बसवलेल्या असतात. रोटरीचे प्रांतपाल भाषण करतात, सेवेची थोरवी सांगतात, संस्थापक पॉल हॅरिस यांचे नाव आदराने घेतात आणि मग सगळे जेवायला उठतात. या भाषणांत एक गोष्ट बहुधा राहून जाते. ज्या संध्याकाळी ही संस्था जन्माला आली, त्या संध्याकाळी सेवेचा विषयच निघाला नव्हता. विषय होता मैत्रीचा आणि धंद्याचा. या उगमाची लाज वाटण्याचे काही कारण नाही. रोटरीची खरी गोष्ट तिथूनच सुरू होते, असे माझे मत आहे.

पॉल हॅरिस यांचा जन्म 1868चा, विस्कॉन्सिन राज्यातल्या रसीन गावचा. वडिलांचा धंदा बुडाला आणि तीन वर्षांचा पॉल व्हरमाँटमधल्या वॉलिंगफर्ड या खेड्यात आजी-आजोबांकडे वाढला. गावात सगळे एकमेकांना नावानिशी ओळखत. 1891 साली आयोवा विद्यापीठातून वकिलीची पदवी घेतल्यावर त्यांनी लगेच दुकान मांडले नाही. पाच वर्षे देशभर आणि देशाबाहेर भटकून बातमीदारी, फळांची तोडणी, हॉटेलातली रात्रपाळी, संगमरवराची विक्री असे मिळेल ते काम केले आणि 1896मध्ये शिकागोत वकिली सुरू केली. सतरा लाखांच्या घरात वस्ती गेलेले, गावोगावहून पोटासाठी आलेल्या माणसांनी भरलेले ते शहर. अशिलांची ओळख होती, पण रविवारी ज्याच्याकडे सहज जावे असे घर नव्हते.

1900च्या उन्हाळ्यात एका वकील मित्राने त्यांना रॉजर्स पार्क या उपनगरात जेवायला बोलावले. जेवणानंतर दोघे फिरायला निघाले. मित्र वाटेतल्या प्रत्येक दुकानदाराला नावाने हाक मारत होता आणि दुकानदार त्याला. एवढीच गोष्ट, पण हॅरिस यांच्या मनात ती रुतून बसली. एवढ्या मोठ्या शहरात वेगवेगळ्या धंद्यांतल्या माणसांचे असे एक गाव वसवता येईल का, हा विचार त्यांनी पाच वर्षे मनात घोळवला.

23 फेब्रुवारी 1905, गुरुवार. कोळशाचे व्यापारी सिल्व्हेस्टर शिली यांच्याबरोबर इटालियन खाणावळीत जेवून हॅरिस डिअरबॉर्न स्ट्रीटवरच्या युनिटी बिल्डिंगमध्ये गेले. खोली क्रमांक 711 हे खाण अभियंता गस्टाव्हस लोअर यांचे ऑफिस. तिथे शिंपीकाम करून कपडे विकणारे हायरम शोरी आले. असे हे चौघे. पुढची बैठक हॅरिस यांच्या कचेरीत झाली, त्यानंतरची शिलींच्या कोळशाच्या वखारीत. बैठक आळीपाळीने प्रत्येकाच्या कामाच्या जागी भरवायची, म्हणजे दुसऱ्याचा धंदा डोळ्यांनी दिसतो, असा विचार होता. या फिरतीवरून ‘रोटरी’ हे नाव पडले. सभासद वाढल्यावर ही फिरती थांबली आणि बैठका हॉटेलात होऊ लागल्या, नाव मात्र टिकले. ज्यांच्या ऑफिसात संस्था जन्मली ते लोअर, आणि शोरीही, थोड्याच दिवसांत बाहेर पडले.

नियम एकच होता, पण मोठा कल्पक. एका धंद्यातला एकच माणूस घ्यायचा. एक वकील, एक कोळसेवाला, एक छपाईवाला. यात हिशेब उघड होता. क्लबमध्ये प्रतिस्पर्धी नाही, त्यामुळे कुणाला काही छापून घ्यायचे झाले तर काम छपाईवाले सभासद हॅरी रगल्स यांच्याकडेच जाणार. 1906च्या जानेवारीत घटना लिहिली गेली. तिचे पहिले उद्दिष्ट सभासदांच्या धंद्याचे हित, दुसरे सलोखा आणि मैत्री. तिसरे उद्दिष्टच नव्हते. कुणी कुणाला किती काम मिळवून दिले याची नोंद ठेवायला एक स्वतंत्र पदाधिकारी होता. ‘सभासदत्वाचा फायदा काय?’ या प्रश्नाचे उत्तर त्या काळी वहीत आकड्यांनी मिळत असे.

पण याच नियमातून, कुणाच्या मनात नसताना, दुसरेच काही घडले. वकिलांचा क्लब असता तर गप्पा कोर्टाच्या झाल्या असत्या आणि हेवेदावेही कोर्टाचेच. इथे खाणवाल्याला शिंप्याची अडचण कळू लागली. पदव्या आणि ‘मिस्टर’ बाजूला ठेवून पहिल्या नावाने हाक मारायची रीत पडली. रगल्स यांनी बैठकीत एकत्र गाण्याची प्रथा आणली आणि गंभीर व्यापारी माणसे गळा मोकळा करून गाऊ लागली. आपल्याकडचे रोटेरियन बैठकीनंतरच्या जेवणाला ‘फेलोशिप’ म्हणतात. त्या शब्दामागचा खरा ऐवज म्हणजे वेगवेगळ्या धंद्यांच्या माणसांची ही बरोबरी. निमंत्रणपत्रिकेवर नावाआधी रोटेरियनचे ‘रो.’ लावूनही पुढे ‘साहेब’ जोडणाऱ्या आपल्या क्लबांनी ती जरूर आठवावी.

संस्था अशीच चालली असती तर ती शिकागोतला एक बरा चाललेला व्यापारी गट ठरली असती आणि तिच्या संस्थापकांबरोबरच संपली असती. ते टळले एका नकारामुळे.

1906मध्ये एका सभासदाने डोनाल्ड कार्टर नावाच्या पेटंट वकिलाला क्लबात येण्याचे आमंत्रण दिले आणि सगळे फायदे समजावून सांगितले. कार्टर यांनी घटना वाचली आणि नकार दिला. जी संस्था फक्त आपल्याच सभासदांचे बघते, तिला फार भवितव्य नाही, असे त्यांचे म्हणणे होते. तिने शहरासाठी काहीतरी केले पाहिजे. निमंत्रण देणाऱ्याचे कौतुक असे की तो चिडला नाही. घटनेत बदल सुचवा आणि सभासद व्हा, असे त्याने कार्टर यांनाच सांगितले. कार्टर आले, आणि घटनेत तिसरे उद्दिष्ट दाखल झाले : शिकागोचे हित आणि नागरिकांत शहराबद्दलचा अभिमान व निष्ठा वाढवणे. हॅरिस यांना ही कल्पना मनापासून पटली. जगभरच्या रोटरी सभागृहांत तसबीर हॅरिस यांची लागते आणि ते योग्यच आहे. पण सेवेचे बीज संस्थापकाकडून आले नाही. बाहेर उभ्या असलेल्या, फायदा नाकारणाऱ्या माणसाने ते आणले.

त्या बीजाला आलेले पहिले ठळक फळ म्हणजे सार्वजनिक शौचालय. 1907मध्ये हॅरिस क्लबचे अध्यक्ष असताना नगरपालिकेच्या इमारतीजवळ शौचालय व्हावे म्हणून क्लबने शहरातल्या इतर संस्थांची मोट बांधली. विरोध दोन बाजूंनी झाला. मद्यविक्रेत्यांचे म्हणणे, शहरात सहा हजार गुत्ते आहेत आणि प्रत्येकात पुरुषांची सोय आहे. स्टेट स्ट्रीटवरच्या बड्या दुकानांचे म्हणणे, बायकांची सोय आमच्याकडे आहे. म्हणजे पुरुषाला लघवीसाठी दारूच्या दुकानात शिरावे लागे आणि बाईला खरेदीच्या दुकानात, आणि हे दोघांच्याही गिऱ्हाइकीला सोयीचे होते. क्लब दोन वर्षे मागे लागला आणि शौचालय उभे राहिले. आपल्या एसटी स्थानकांवर, बाजारपेठांत स्त्रियांना आजही जे सोसावे लागते ते पाहिले की मला या कामाची थोरवी कळते. हारतुरे, फोटो यांच्या पलीकडचे ते काम होते, आणि व्यापाऱ्यांनी व्यापाऱ्यांचा विरोध पत्करून केलेले होते.

वाढ मात्र सहज झाली नाही. हॅरिस यांना दुसऱ्या शहरांत क्लब हवे होते. सॅन फ्रान्सिस्कोत क्लब निघून आम्हाला काय मिळणार, असे शिकागोतल्या बऱ्याच जणांना वाटे. त्या कुरबुरीतून हॅरिस यांनी 1908मध्ये अध्यक्षपद सोडले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सॅन फ्रान्सिस्कोत दुसरा क्लब निघाला. 1910मध्ये क्लबांचा राष्ट्रीय संघ झाला आणि कॅनडातल्या विनिपेगपासून संस्था देशाबाहेर गेली. पुढच्याच वर्षी डब्लिन आणि लंडनची भर पडली.

फायदा आणि सेवा यांचे भांडण 1911च्या पोर्टलंड अधिवेशनात अगदी समोर आले. विक्रीकलेचे शिक्षण देणाऱ्या आर्थर शेल्डन यांचे सूत्र असे की जो उत्तम सेवा देतो त्यालाच जास्त नफा होतो. मिनिआपोलिसचे बेंजामिन कॉलिन्स यांनी त्यांच्या क्लबचे सूत्र मांडले की सेवा हवी, ‘मी’ नको. रोटरीने यातले एक टाकून दुसरे घेतले नाही. कॉलिन्स यांच्या सूत्राची धार थोडी कमी करून ‘स्वतःपेक्षा सेवा श्रेष्ठ’ असे केले आणि 1950मध्ये दोन्हींना अधिकृत मान्यता दिली. मला हे प्रामाणिकपणाचे वाटते. पोटापाण्याचा धंदा करणाऱ्या माणसाला संन्यास घ्यायला सांगून संस्था चालत नाही.

नेतृत्वाची घडणही याच सुरुवातीच्या काळातली. हॅरिस पहिले अध्यक्ष झाले नाहीत. तो मान शिली यांना दिला, दुसऱ्या वर्षी अल व्हाइट झाले, हॅरिस तिसऱ्या वर्षी. दरवर्षी नवा अध्यक्ष ही रीत पुढे क्लबपासून जागतिक अध्यक्षपदापर्यंत चालत आली. आपल्याकडच्या कितीतरी सार्वजनिक संस्था एकाच माणसाच्या वा घराण्याच्या होऊन बसल्या, रोटरीचे तसे झाले नाही ते या रीतीमुळे. तिचा तोटाही खरा आहे : नव्याने हाती घेतलेले काम वर्षात पुरे होत नाही आणि पुढच्याला स्वतःचा प्रकल्प हवा असतो. सुरुवातीच्या काळात हा खड्डा चेस्ली पेरी यांनी भरून काढला. 1910 ते 1942 अशी बत्तीस वर्षे ते सरचिटणीस होते. अध्यक्ष बदलत राहिले, कचेरी पेरींनी चालवली.

भारतात रोटरी 1919 साली कलकत्त्यात आली, प्रामुख्याने युरोपीय व्यापाऱ्यांच्या पुढाकाराने. मुंबईचा क्लब 1929चा. कलकत्त्याचे नितीश लाहिरी 1962-63मध्ये जागतिक अध्यक्ष झाले. पुढे राजेंद्र साबू, वापीचे कल्याण बॅनर्जी आणि शेखर मेहता यांनी तो मान मिळवला.

या सगळ्या बरोबरीतून बाई मात्र अनेक वर्षे बाहेर होती. 1914च्या ह्यूस्टन अधिवेशनाला जाणाऱ्या गाडीत सॅन फ्रान्सिस्कोचे रोटेरियन ब्रुनिअर यांच्या पत्नी ॲन होत्या. सहप्रवाशांनी त्यांचे नाव ‘रोटरी ॲन’ पाडले. रोटेरियनची बायको ती ‘ॲन’ आणि मुले ‘ॲनेट’, ही आपल्याकडे अजून चालणारी संबोधने त्या नावावरून आली. कॅलिफोर्नियातल्या दुआर्ते क्लबने तीन स्त्रियांना सभासद केले म्हणून 1978 साली त्या क्लबची सनदच काढून घेण्यात आली. क्लब कोर्टात गेला. रोटरी इंटरनॅशनलचा बचाव असा की आम्ही धंदेवाईक संस्था नाही, आमच्या सभासदत्वाला भेदभावविरोधी कायदा लागू होत नाही. कॅलिफोर्नियाच्या अपील न्यायालयाने तो फेटाळला : सभासदांना इथे धंद्याचा फायदा होतो, तो किरकोळ नाही, म्हणून स्त्रियांना तो नाकारता येणार नाही. 4 मे 1987 रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने स्त्रियांच्या बाजूने निकाल दिला. 1989मध्ये रोटरीने जगभरासाठी नियम बदलला. जो फायदा संस्था भाषणांत मागे ठेवू लागली होती, त्याच फायद्याने स्त्रियांना दार उघडून दिले. पहिली महिला जागतिक अध्यक्ष, कॅनडाच्या जेनिफर जोन्स, 2022मध्ये आल्या. जिथे स्त्री स्वतः सभासद होऊ शकते तिथे ‘ॲन’ हे संबोधन आता निवृत्त करावे.

पैशाची बाजू अशीच लहान सुरुवातीची. 1917मध्ये अध्यक्ष आर्च क्लम्फ यांनी जगात चांगले काम करण्यासाठी कायम निधी असावा अशी सूचना केली. कॅन्सस सिटीच्या क्लबकडून आलेली पहिली देणगी साडेसव्वीस डॉलरची होती. जानेवारी 1947मध्ये हॅरिस गेले तेव्हा जगभरातून देणग्यांचा ओघ आला आणि त्यातून अठरा विद्यार्थ्यांना परदेशी शिक्षणासाठी पाठवले गेले. याच निधीच्या जोरावर 1979मध्ये फिलिपिन्समधल्या मुलांना पोलिओची लस द्यायचे काम हाती घेतले गेले आणि 1985मध्ये ‘पोलिओप्लस’ ही जागतिक मोहीम सुरू झाली. आपल्याकडे 1995पासून पल्स पोलिओच्या रविवारी लसीकरणाच्या टेबलाशी आरोग्यसेविका, अंगणवाडी सेविका आणि त्यांच्या जोडीला पिवळ्या जाकिटातले रोटेरियन दिसू लागले. मुलाच्या डाव्या करंगळीच्या नखावर शाई लावली की एक मूल झाले. काम सरकारचे, जागतिक आरोग्य संघटनेचे, युनिसेफचे आणि लाखो सेविकांचे. रोटरीचा वाटा पैशाचा, माणसांचा आणि चिकाटीचा. भारतातला शेवटचा रुग्ण 13 जानेवारी 2011 रोजी हावड्यात आढळला. 27 मार्च 2014 रोजी देश पोलिओमुक्त घोषित झाला. दरवर्षी अध्यक्ष बदलणारी संस्था एकाच कामाला तीस-चाळीस वर्षे चिकटून राहिली.

तेव्हा या जुलैत कुणी तुम्हाला रोटरीचे निमंत्रण दिले तर ओळखी होतील, धंदा वाढेल हे फायदे जरूर ऐकून घ्या, ते खरे आहेत. मग त्या क्लबने गेल्या पाच वर्षांत गावासाठी काय केले आणि ते आज चालू आहे का, हे विचारा. उत्तर मिळाले नाही तर कार्टर यांच्यासारखा नकार द्या, आणि कुणी ‘मग तुम्हीच सुचवा’ म्हणाले तर आत जा.