प्रकाश-पारगमन मापन, वनस्पतिअर्कांचे

वनस्पतीच्या पानांतून, सालीतून किंवा मुळांतून काढलेल्या अर्कावर ठराविक तरंगलांबीचा प्रकाश टाकून त्यापैकी किती अंश आरपार जातो, हे वर्णपटमापकाने ठरविण्याची पद्धती. हे प्रमाण, म्हणजे पारगमन, टक्क्यांत नोंदतात. परंतु द्रव्याची संहती मुक्रर करण्यास ते थेट उपयोगी पडत नाही, कारण 10 टक्के प्रकाश पार करणाऱ्या अर्काची संहती दुप्पट झाली, की पारगमन एकदम 1 टक्क्यावर उतरते. म्हणून त्याचे लॉगरिदमी रूप, शोषणांक, हिशेबास धरतात. शोषणांक संहतीच्या व प्रकाशमार्गाच्या लांबीच्या सम प्रमाणात वाढतो, हा नियम बूगेर (1729), लँबर्ट (1760) आणि बेअर (1852) यांच्या कार्यातून सिद्ध झाला.

खानदेशात, रावेर व यावल तालुक्यांतील केळीबागांमुळे, केळीच्या पानातील हरितद्रव्य हा या मापनाचा स्वाभाविक विषय होय. तोलून घेतलेला पानाचा तुकडा 80 टक्के अ‍ॅसिटोनमध्ये खलून, गाळून, 1 सेंमी. रुंदीच्या कुपीत भरतात. निव्वळ द्रावकाच्या कुपीवर यंत्र 100 टक्के पारगमनास लावून घेतात. आणि 663 व 645 नॅनोमीटरवरील वाचनांतून हरितद्रव्य अ व ब आर्नन यांच्या 1949 च्या सूत्रांनी काढतात. आर्नन यांचा तो निबंध मुळात बीटमधील पॉलिफिनॉल ऑक्सिडेज या विकराविषयी होता, आणि चिरलेली केळी काळवंडते तीही याच विकरामुळे. खानदेशी अभ्यासकाने हा योग अवश्य ध्यानात ठेवावा.

मापनातील खरी कसोटी अर्काच्या निर्मळपणाची असते. शोषला गेलेला प्रकाश आणि गढूळ कणांनी इतस्ततः विखुरलेला प्रकाश यांतील भेद यंत्राला कळत नाही. दोन्ही एकाच खात्यावर मांडले जातात व हरितद्रव्य वास्तवाहून अधिक भरते. यास्तव 750 नॅनोमीटरवर, जेथे हरितद्रव्य जवळजवळ काहीच शोषीत नाही, एक वाचन घ्यावे. तेथे शोषणांक शून्यापासून ढळलेला दिसल्यास अर्क पुन्हा गाळण्यावाचून गत्यंतर नाही. ही तपासणी वेळेअभावी गाळली जाते, हे अत्यंत अनिष्ट आहे.

जळगाव-धुळ्याचा उन्हाळा 45° सेल्सिअसपर्यंत चढतो, आणि अ‍ॅसिटोन 56° सेल्सिअसलाच उकळते. उघड्या कुपीतील द्रावक उडून अर्क दाट होऊ नये आणि उजेडाने हरितद्रव्य नासू नये, म्हणून खलण्याचे काम बर्फावर, मंद प्रकाशात, कुपी झाकून करण्याची तजवीज ठेवावी. पानातील आम्ले हरितद्रव्यातील मॅग्नेशियम हिरावतात. त्यावर चिमूटभर कॅल्शियम कार्बोनेट पुरते.

हळदीतील कुर्क्युमिन अल्कोहोलमध्ये सु. 425 नॅनोमीटरवर मोजता येते, म्हणून तेथे काचेची कुपी चालते. जंबुपार प्रकाशात मोजावयाच्या फिनॉली द्रव्यांसाठी मात्र क्वार्ट्‌झचीच लागते.