गिरणीची जमीन आणि शिकवणीची गल्ली : नांदेड आणि लातूर

मंडळी, आजचा विषय जमिनीचा आहे, पण शेतजमिनीचा नाही. मराठवाड्यात जमीन म्हटलं की आपलं लक्ष आपोआप सातबाऱ्याकडे आणि आभाळाकडे जातं. मी बोलणार आहे ती जमीन शहरातली आहे. तिच्यावर कधीकाळी कारखाना उभा होता आणि आता नाही. अशा जमिनीचं पुढं काय होतं, ते कोण ठरवतं, आणि त्यातून गावाच्या पोटापाण्याचं काही साधतं का? हा प्रश्न घेऊन आपण आधी नांदेडला आणि मग लातूरला जाऊ.

नांदेडला गोदाकाठचा कापूस होता. 1900 च्या सुमारास हैदराबाद-मनमाड ही मीटरगेज लाइन झाली आणि तो कापूस बाहेर जायला वाट मिळाली. कापूस आणि रेल्वे जिथं भेटतात तिथं आधी जिनिंग-प्रेसिंग येतं, मग गिरणी. नांदेडला ती 1920 च्या दशकात आली. तिचं नाव उस्मानशाही मिल्स. सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांच्या नावानं ती ओळखली गेली.

आता इथं जरा थांबा. हैदराबाद संस्थानानं 1929 मध्ये इंडस्ट्रियल ट्रस्ट फंड काढला. संस्थानातल्या मोठ्या उद्योगांत सरकारचा पैसा घालायचा, हा त्याचा हेतू. उस्मानशाही त्यात होती, वरंगलची 1934 ची आझमजाही मिल त्यात होती. म्हणजे नांदेडची गिरणी कुणा एका शेठजीच्या तिजोरीवर चाललेली नव्हती. तिच्यात रयतेच्या महसुलाचा पैसा होता. पुढं जमिनीचा विषय निघाला की ही गोष्ट कुणी फारशी काढत नाही. मला वाटतं, सुरुवात तिथूनच करायला पाहिजे.

मग काय झालं? 1948 मध्ये संस्थान गेलं. 1 नोव्हेंबर 1956 ला मराठवाडा मुंबई राज्यात आला, 1960 ला महाराष्ट्रात. देशभरच्या गिरण्या आजारी पडू लागल्या, तेव्हा 1968 मध्ये केंद्रानं नॅशनल टेक्स्टाइल कॉर्पोरेशन स्थापन केलं, आणि 1 एप्रिल 1974 पासून 103 आजारी गिरण्यांचं राष्ट्रीयीकरण झालं. नांदेडची गिरणी त्यात गेली. लोकांच्या तोंडी ती ‘टेक्स्टाइल मिल’ झाली. जमीन नांदेडातच राहिली, पण मालक आधी हैदराबादेत होता तो दिल्लीला गेला. आता ‘दिल्लीचा मालक’ म्हणजे काय, तर एक फाइल.

गिरणीच्या गावात भोंग्यावर घड्याळं लावायची पद्धत असते. पाळी सुटली की चहाची टपरी चालते, पगार झाला की किराण्याची उधारी फिटते. तो भोंगा बंद पडतो तेव्हा फक्त कामगार घरी बसत नाही, त्याच्या वहीवर चालणारा दुकानदारही बसतो. 2002 च्या सुमारास महामंडळाच्या पुनर्वसनाचा आराखडा मंजूर झाला : 53 गिरण्या चालवायच्या, 66 बंद करायच्या, आणि जास्तीची जमीन विकून खर्च भागवायचा. नांदेडचा भोंगा थांबला.

गिरणी बंद झाली की जमीन मोकळी होते असं आपल्याला वाटतं. तसं नसतं. मालकी केंद्राच्या महामंडळाकडे असते. पण त्या जमिनीवर काय बांधायचं, हे शहराच्या विकास आराखड्यावर ठरतं, आणि तो बदलायचा तर 1966 च्या प्रादेशिक व नगररचना कायद्याच्या कलम 37 खाली महापालिकेचा ठराव आणि राज्य सरकारची मंजुरी लागते. एका कुलपाला दोन किल्ल्या, आणि त्या दोन वेगळ्या गावांत.

मुंबईत हेच कुलूप पटापट उघडलं. का? 2005 मध्ये महामंडळानं ज्युपिटर, मुंबई टेक्स्टाइल, अपोलो, एल्फिन्स्टन आणि कोहिनूर अशा 5 गिरण्यांच्या जमिनी विकल्या आणि सुमारे 2,020 कोटी रुपये मिळवले. ज्या कार्यालयाला एका लिलावात एवढा पैसा दिसतो, ते नांदेडची फाइल कधी काढणार? हा माझा तर्क आहे, पण तो सोडावासा मला वाटत नाही.

मुंबईत निदान एक नियम होता. 1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीतला नियम 58. ढोबळमानानं सांगायचं तर, गिरणीच्या जमिनीचा एक तृतीयांश मोकळ्या जागेला, एक तृतीयांश परवडणाऱ्या घरांना, उरलेली मालकाला. 2001 मध्ये हा हिशेब फक्त रिकाम्या जागेपुरता केला गेला आणि शहराचा वाटा आटला. उच्च न्यायालयात लोक जिंकले, 7 मार्च 2006 ला सर्वोच्च न्यायालयात हरले. पण त्यांना भांडायला एक नियम तरी होता. तो बृहन्मुंबईपुरता होता. नांदेडला शहराचा वाटा मागायला असं कलमच नव्हतं.

आणि गंमत बघा, नांदेड या काळात बसून राहिलं नाही. 1994 ला स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठ आलं. 2008 च्या गुरु-ता-गद्दी त्रिशताब्दीच्या निमित्तानं आणि केंद्राच्या नागरी पुनरुत्थान योजनेतून रस्ते, पूल, विमानतळ झाले. गावाला पैसा आला, पण गिरणीच्या जमिनीला वळसा घालून.

आता लातूर. लातूरला संस्थानी पैशाची अशी गिरणी नव्हती. तिथं 1911 मध्ये बार्शी लाइट रेल्वेची नॅरोगेज पोचली, गंजगोलाईभोवती आडत वाढली, तेलाचे आणि डाळीचे कारखाने निघाले. 1982 ला लातूर जिल्हा झाला. शहराला लागून औद्योगिक वसाहत होती : लहान लहान भूखंड, प्रत्येकाचा धारक वेगळा, आणि बहुतेक गावातलाच. उद्योग भवनाचा परिसर म्हणजे तोच भाग.

आज तुम्ही तिथं गेलात तर लेथचा आवाज शोधावा लागेल. त्याला लोक ‘ट्यूशन एरिया’ म्हणतात. दहावी-बारावीच्या ‘लातूर पॅटर्न’नं दयानंद, राजर्षी शाहू या कॉलेजांचं नाव झालं, मागोमाग मेडिकल-इंजिनीअरिंगच्या शिकवण्या आल्या, आणि त्यांनी हीच जागा धरली. कुठलीही योजना नाही, आराखडा नाही, उद्घाटन नाही. ज्याचं यंत्र बंद पडलं त्याला कच्चा माल, वीज, गिऱ्हाईक सगळं पुन्हा जुळवावं लागतं. बाकं मांडणाऱ्याला जागा दिली की पुढच्या महिन्यापासून भाडं सुरू. हिशेब घरच्या ओट्यावर झाला. दिल्लीला विचारायची गरजच नव्हती.

त्यातून पोट भरलं का? भरलं. खोल्या, मेस, डबे, अभ्यासिका, झेरॉक्स, रिक्षा. कितीतरी घरांतल्या बायकांच्या हाती डब्यांचा पैसा पहिल्यांदा आला, ही लहान गोष्ट नाही. पण हे काम कुणाला मिळालं तेही बघा. डाळ मिलवरच्या फिटरला नाही, हमालाला तर नाहीच. गिरणीच्या कामगाराला निदान फंड होता, ग्रॅच्युइटी होती. मेसवरच्या मावशींना यातलं काय आहे?

आणि हे एकाच पिकाचं रान आहे. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली. (ती आली मुख्यतः जुन्या बार्शी लाइटच्या वाटेनंच, ती वाट ब्रॉडगेज झाली नसती तर काय झालं असतं, विचार करा.) पाणी नाही म्हटल्यावर बाहेरगावचं पोर राहील कसं? मार्च 2020 मध्ये टाळेबंदी लागली, पोरं गावी गेली, आणि ती सगळी गल्ली महिनोन् महिने रिकामी होती.

म्हणून नांदेडच्या गिरणीच्या जमिनीचा विषय निघतो आणि कुणी मॉल म्हणतं, कुणी संकुल म्हणतं, तेव्हा मला नागपूर आठवतं. टाटांची 1877 ची एम्प्रेस मिल गेली, आता त्या जागेवर त्याच नावाचा मॉल आहे. नाव राहिलं. नांदेडच्या कापूस संशोधन केंद्रानं काढलेलं ‘नांदेड 44’ हे संकरित वाण आपल्या शेतकऱ्यांनी वर्षानुवर्षं लावलं, आणि तो कापूस गाठी बांधून दुसरीकडे सुताला गेला. या जमिनीचे लातूरसारखे लहान भूखंड पाडावेत, ते विकू नयेत, भाडेपट्ट्यानं द्यावेत, आणि पट्ट्यात लिहावं की इतकी माणसं कामावर, फंडासकट, नाहीतर पट्टा रद्द. सूतकताई असेल, शिवणकाम असेल, वसतिगृह असलं तरी माझी हरकत नाही. उस्मानशाहीत सरकारनं पैसा घातला होता तो गावात उद्योग उभा राहावा म्हणून. जमिनीला भाव यावा म्हणून नव्हे.

वरंगलच्या आझमजाही मिलच्या जमिनीचं काय झालं, ती तर याच फंडाची सख्खी बहीण, ते मी पुढच्या वेळी सविस्तर घेणार आहे. आता प्रश्न घेऊ. मागच्या रांगेत माइक द्या.