जामठा क्रिकेट मैदान, नागपूर

विदर्भ क्रिकेट संघटनेचे (व्हीसीए) आंतरराष्ट्रीय मैदान. नागपूरच्या दक्षिणेस वर्धा रोडवर, जामठा गावाजवळ. सुमारे ४५,००० प्रेक्षकांची सोय. यवतमाळ जिल्ह्यात आंतरराष्ट्रीय मैदान नाही. तिथल्या क्रिकेटवेड्यांचे घरचे मैदान हेच. त्या जिल्ह्यातील पांढरकवडा आणि जामठा एकाच महामार्गावर (क्र. ४४) आहेत, तर यवतमाळहून वर्धा-बुटीबोरीमार्गे येणाऱ्याला नागपूर लागण्याआधीच जामठा लागते.

हे मैदान होण्याआधी आंतरराष्ट्रीय सामने नागपूरच्या सिव्हिल लाइन्समधील जुन्या मैदानावर होत. सुनील गावसकरांचे एकमेव एकदिवसीय शतक आणि विश्वचषकातील पहिली हॅट्‌ट्रिक (चेतन शर्मा) एकाच सामन्यात, १९८७ साली, तिथे झाली.

जामठ्याची खेळपट्टी काळ्या मातीची आहे. यवतमाळच्या कापूस पिकवणाऱ्या शेतकऱ्याला या मातीचा स्वभाव सांगायला नको. बेसाल्ट झिजून झालेल्या या मातीत चिकणमातीचा अंश जास्त. पाणी प्याली की फुगते, वाळली की आकसते आणि उलते. ओलसर असताना रोलर फिरवला तर ती घट्ट बसते, पण उन्हाने ओल उडाली की भेगा पडतात. लाल मातीवर चेंडू उसळतो; इथे तो बहुधा खाली राहतो, थांबून येतो आणि पृष्ठभाग सुटू लागला की हातभर वळतो. पाणी किती दिवस आधी तोडले, यावर सामन्याचा रंग ठरतो. त्यामुळे ‘जामठ्याची खेळपट्टी’ असे सरसकट बोलणे फसवे आहे.

पहिली कसोटी नोव्हेंबर २००८ मध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध झाली. सौरव गांगुलीची ती अखेरची कसोटी. पदार्पणातच जेसन क्रेझाने एका डावात ८ बळी घेतले, मात्र २१५ धावा मोजून. २०१० मध्ये हाशिम अमलाने इथे नाबाद २५३ धावा केल्या, आणि त्याच सामन्यात डेल स्टेनने वेगाच्या जोरावर एका डावात ७ गडी टिपले. २०१२ ची इंग्लंड कसोटी इतकी संथ झाली की अनिर्णित राहण्यावाचून गत्यंतर नव्हते. इंग्लंडला मालिका जिंकायला तेवढे पुरले.

नोव्हेंबर २०१५ मध्ये तोच अमला कर्णधार म्हणून परतला. दक्षिण आफ्रिकेचा पहिला डाव ७९ धावांत आटोपला, सामना तीन दिवसांत संपला आणि ४० पैकी ३३ बळी फिरकीने घेतले. आर. अश्विनचे सामन्यात १२. आयसीसीने खेळपट्टीला ‘निकृष्ट’ शेरा दिला, आणि तो अनाठायी नव्हता. २०२३ मध्ये ऑस्ट्रेलिया दुसऱ्या डावात ९१ धावांत गारद झाली तेव्हा तसाच गदारोळ उठला; पण त्याच खेळपट्टीवर रोहित शर्माने १२० आणि भारताने ४०० धावा केल्या होत्या. यावेळी शेरा ‘सरासरी’ आला.

मर्यादित षटकांत मात्र अंदाज बांधणाऱ्याची फजिती ठरलेली. २०१३ मध्ये भारताने ऑस्ट्रेलियाविरुद्ध ३५१ धावांचे लक्ष्य गाठले. २०१६ च्या टी-२० विश्वचषकात न्यूझीलंडच्या १२६ धावांचा पाठलाग करताना तोच भारत ७९ वर बाद झाला. सप्टेंबर २०२२ मध्ये पावसाने भिजलेले मैदान वेळेत वाळले नाही आणि ऑस्ट्रेलियाविरुद्धचा टी-२० सामना ८-८ षटकांवर आला.

विदर्भाने २०२४-२५ चा रणजी करंडक इथेच केरळविरुद्ध जिंकला. अंतिम सामना अनिर्णित राहिला, निकाल पहिल्या डावातील आघाडीवर लागला.