तारेतून येणारी भाषा

नभोवाणीच्या लहरींना राज्याची सीमा ठाऊक नसते. धारवाडचे नभोवाणी केंद्र १९५० मध्ये सुरू झाले आणि सांगलीचे १९६३ मध्ये. या दोहोंच्या मध्ये वसलेल्या बेळगाव-निपाणीच्या मुलखात यंत्राचा काटा थोडासा सरकविला, की कन्नड गीत मागे पडून मराठी गीत ऐकू येई. त्यासाठी कोणाची अनुमती काढावी लागत नसे. सरकारी परवाना लागे तो यंत्राला, भाषेला नव्हे.

श्रोतेहो, आज आपल्या भागात अनेक घरांतून एक लहानसा बदल घडत आहे. भिंतीवरून आलेली केबलची तार काढून टाकावयाची, दूरचित्रवाणी संचाच्या पाठीमागे बोटाएवढी एक कांडी खोचावयाची आणि इंटरनेटवरून हवा तो कार्यक्रम हवा तेव्हा पाहावयाचा. वरवर पाहता हा खर्चाचा आणि सोयीचा प्रश्न आहे. परंतु सीमाभागात त्याला आणखी एक अंग आहे. घरात कोणती भाषा यावी हे कोणी ठरवावयाचे, या जुन्या प्रश्नाचे हे नवे प्रकरण आहे, आणि ते समजावयाचे तर थोडे मागे गेले पाहिजे.

१६ जानेवारी १९५६ रोजी पंतप्रधान नेहरूंनी राज्यपुनर्रचनेसंबंधीचा निर्णय नभोवाणीवरूनच देशाला सांगितला. दुसऱ्या दिवशी बेळगाव व निपाणी येथे गोळीबार झाला, आणि तेव्हापासून १७ जानेवारी हा दिवस सीमाभागात हुतात्मा दिन म्हणून पाळला जातो. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हा मुलूख तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला. पुढे महाजन आयोग झाला. २००४ मध्ये महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. तो इतिहास आपणांस ठाऊकच आहे. येथे सांगावयाचे ते इतकेच, की नकाशावर रेघ ओढली गेली, तरी नभोवाणीच्या लहरींवर ती ओढता आली नाही.

दूरचित्रवाणीची गोष्ट निराळी होती. तिच्या लहरी बहुतांशी सरळ रेषेत जातात. डोंगर आडवा आला की अडतात, आणि पृथ्वीच्या गोलाईमुळे त्यांचा पल्लाही बेताचाच असतो. म्हणून मुंबईचे केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले तरी त्याचा लाभ आपणांस सहजासहजी होण्यासारखा नव्हता. १९७५-७६ साली उपग्रहाच्या साह्याने सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत दूरचित्रवाणी नेण्याचा प्रयोग झाला. आपल्या शेजारचा विजापूर जिल्हा त्यात होता. १९८२ नंतर देशभर सहक्षेपणाचे मनोरे उभे राहिले. या मनोऱ्यांवरून दिल्लीचा राष्ट्रीय कार्यक्रम येई, आणि प्रादेशिक कार्यक्रम यावयाचे ते त्या त्या राज्याच्या राजधानीचे. येणेप्रमाणे जी रेघ नभोवाणीवर उमटली नव्हती, ती दूरचित्रवाणीवर उमटली. एकाने छपरावर चढून अँटेना फिरवावी, दुसऱ्याने खिडकीतून ‘आले, आले, गेले!’ म्हणून ओरडावे, हा खटाटोप त्या काळातला.

केबलचा जन्म मात्र कोणत्याही सरकारी कचेरीत झाला नाही. एखाद्या उद्योगी तरुणाने व्हिडिओ यंत्र विकत घ्यावे आणि आसपासच्या घरांत तार नेऊन चित्रपट दाखवावेत, अशी १९८० नंतरच्या दशकातील तिची सुरुवात. १९९१ मध्ये आखाती युद्धाची दृश्ये उपग्रहामार्गे घरात आली, त्याच वर्षी स्टारच्या वाहिन्या आल्या, १९९२ मध्ये झी आली, आणि त्या तरुणाच्या गच्चीवर मोठी छत्री उभी राहिली. छत्रीने झेललेला संदेश जाड तारेतून खांबाखांबांवरून पुढे न्यावयाचा. तार लांबत जाई तसतसा तो क्षीण होई, म्हणून मध्ये मध्ये त्याला बळ देणारे यंत्र बसवावयाचे. तरीही गल्लीच्या टोकाच्या घरी पडद्यावर मुंग्या दिसतच. १९९९ मध्ये अल्फा मराठी आणि २००० मध्ये ई-टीव्ही मराठी या वाहिन्या निघाल्या, तेव्हा बेळगावच्या मराठी घरालाही पुण्याच्या घराबरोबर एकाच वेळी एकच मालिका पाहता येऊ लागली. अंतर मिटले, असे त्या वेळी वाटले.

परंतु त्या तारेत जागा मोजकीच होती. शेकडो वाहिन्या तीत मावत नसत, आणि जुन्या संचांना आरंभीचे थोडेच क्रमांक पकडता येत. तेव्हा कोणती वाहिनी घ्यावयाची आणि कोणती गाळावयाची, हे केबलचालकाच्या हाती आले. १९९५ साली संसदेने केबलचा कायदा केला; त्यान्वये केबलचालकाला चक्क मुख्य टपाल कचेरीत नोंदणी करावी लागे. २००० साली त्यात दुरुस्ती होऊन दूरदर्शनच्या दोन वाहिन्यांबरोबर राज्याच्या प्रादेशिक भाषेची एक वाहिनी दाखविणे बंधनकारक झाले. हेतू चांगलाच होता. परंतु राज्याची भाषा आणि घराची भाषा जेथे एक नाही तेथे काय करावयाचे, याचे उत्तर त्या कलमात नव्हते. कर्नाटकात राज्याची भाषा कन्नड हे ओघानेच आले. मराठी वाहिनीला कायद्याचा आधार नव्हता. तिला आधार होता तो केबलचालकाच्या व्यवहारबुद्धीचा आणि ग्राहकाच्या मागणीचा. म्हणूनच सीमाप्रश्नावरून वातावरण तापले, की ‘आपली वाहिनी राहील ना?’ अशी धास्ती घरातील वडीलधाऱ्यांस वाटे.

पुढे तारेतील जागेची अडचण सरली. २०११ च्या कायद्याने केबलचे अंकीकरण ठरले आणि २०१७ पर्यंत ते टप्प्याटप्प्याने खेड्यांपर्यंत आणावयाचे ठरले. घरोघर पेटी आली. १ फेब्रुवारी २०१९ पासून ग्राहकाने आपल्या वाहिन्या आपणच निवडाव्या, असा नियम लागू झाला: मूळ आकार १३० रुपये व त्यावर कर, आणि सशुल्क वाहिन्यांचे मोल वेगळे. निवड हाती आली, परंतु मासिक बिलाचे गणितही हाती आले. तोवर २०१६ पासून मोबाईलवरील इंटरनेट स्वस्त झाले होते. २०१७ साली अ‍ॅमेझॉनची फायर स्टिक भारतात विक्रीस आली. तिच्यासारखी इतरही उपकरणे आली. संचास एचडीएमआय नावाची खोबण असली आणि घरात बऱ्यापैकी वेगाचे इंटरनेट असले, की काम भागते. साध्या प्रतीच्या चित्रास तासाला सुमारे एक जीबी आणि सुस्पष्ट चित्रास सुमारे तीन जीबी लागतात, हा हिशेब मात्र आधी करावा.

आता निपाणीच्या घरात बसून मराठी नाटक पाहावयाचे, तर ना मनोरा आड येतो, ना तारेतील जागा. नोव्हेंबर २०२४ मध्ये प्रसार भारतीने सुरू केलेल्या ‘वेव्हज्’वर तर दूरदर्शनच्या निरनिराळ्या भाषांतील वाहिन्या एकत्र मिळतात. नभोवाणीच्या काट्याचे स्वातंत्र्य साठ-सत्तर वर्षांनी परत मिळाले, असे म्हणावयास हरकत नाही.

तथापि काही गोष्टी गेल्या, त्यांचीही नोंद इतिहासात हवी. केबलचालक गल्लीतला होता. दरमहा पैसे न्यावयास तो दारी येई. चित्र दिसले नाही, तर त्याला जाब विचारता येई. त्याच्या स्थानिक वाहिनीवर गणेशविसर्जन दिसे, शिवजयंतीचे चित्ररथ दिसत, गावची बातमी मराठीत आणि कन्नडमध्ये ऐकू येई. कांडीवर जगातील चित्रपट आहेत. पण आपल्या पेठेतील पाणी कधी येणार, हे ती सांगत नाही. तेच केबलचालक आता कित्येक ठिकाणी इंटरनेटची तार देतात, हा त्यातल्या त्यात दिलासा.

याहून मोठी गोष्ट मला माझ्या वर्गात जाणवते. दहा-बारा वर्षांपूर्वी आदल्या रात्रीची मालिका साऱ्या वर्गाची असे. तिच्यावरून निबंधाला विषयही सापडे. आज प्रत्येक बाकावरील मुलाने वेगळेच काही पाहिलेले असते, आणि ते बहुधा हिंदीत किंवा इंग्रजीत. कोणी मराठी अडविली म्हणून नव्हे. यंत्र मागील आवडीवरून पुढचे सुचविते, आणि त्याला मराठीची आवड कोणी कळविलेलीच नसते. मनोऱ्याच्या आणि तारेच्या काळी मराठी मिळत नाही, अशी आपली तक्रार होती. आता ती मिळते. मागावी मात्र लागते.

म्हणून केबल काढावी की ठेवावी, हा निर्णय ज्याने त्याने आपल्या कनवटीकडे पाहून करावा. परंतु नवे उपकरण बसविताना दोन कामे अवश्य करावीत. त्यातील पसंतीच्या भाषांत मराठी नोंदवावी. आणि ज्या घरांत कन्नड वा कोकणीही नांदते, त्यांनी त्या भाषाही नोंदवाव्यात, कारण शेजाऱ्याची भाषा कळणे हीसुद्धा या मातीची रीत आहे. आणि आठवड्यातून एक वेळ अशी ठरवावी, की आजोबांपासून नातवापर्यंत सर्वांनी एकत्र बसून आपल्या भाषेतील एखादा कार्यक्रम पाहावा. ज्या भाषेसाठी या भागातील माणसांनी प्राण दिले, तिच्यासाठी घरातील एवढी एक घटका देणे जड वाटू नये.