जुलाबाच्या जंतूमुळे हातपाय लुळे का पडतात?

जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात गुलेन बॅरी सिंड्रोम म्हणजेच ‘जीबीएस’चे रुग्ण अचानक वाढले. संशयित रुग्णांचा आकडा दोनशेवर गेला. अनेकांना आधी जुलाब झाले होते. मग पायांत मुंग्या आल्या, पाय उचलेनासे झाले. काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत ‘कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी’ हा जीवाणू सापडला.

पण पोटातल्या जंतूचा पायांशी काय संबंध?

या जीवाणूच्या आवरणात चरबी आणि साखरेच्या साखळीने बनलेला एक रेणू असतो. त्यातल्या चरबीच्या भागामुळे शरीरात दाह होतो, म्हणून त्याला एंडोटॉक्सिन, म्हणजे जंतूच्या अंगातलंच विष म्हणतात. जीबीएसमध्ये खरा घात मात्र साखरेचं टोक करतं. जीवाणूच्या काही प्रकारांत हे टोक आपल्या नसांवरच्या ‘जीएम-१’ या रेणूशी जवळपास हुबेहूब जुळतं. जंतूला मारण्यासाठी शरीराने बनवलेल्या अँटीबॉडीज मग नसांनाही चिकटतात आणि नसांवरच हल्ला होतो. मेंदूचा निरोप स्नायूंपर्यंत पोहोचत नाही.

याचा पुरावा सशांवरच्या प्रयोगातून मिळाला. २००४ मध्ये जपानी संशोधकांनी सशांना जिवंत जंतू न देता फक्त हा रेणू टोचला. सशांच्या रक्तात ‘जीएम-१’विरोधी अँटीबॉडीज तयार झाल्या आणि त्यांचे पाय लुळे पडले. संधिवात किंवा ल्युपसमध्येही जंतूंवर संशय घेतला जातो, पण तिथे धागा इतका स्पष्ट जुळलेला नाही.

जुलाब झाले म्हणून घाबरायचं कारण नाही. या जंतूचा संसर्ग झालेल्यांपैकी साधारण हजारात एकालाच जीबीएस होतो. शिवाय प्रत्येक जीबीएसमागे हाच जंतू असतो असंही नाही. काही विषाणूंनंतरही तो होतो.

लकवा सुरू होईपर्यंत जंतूचं काम बहुतेक संपलेलं असतं, त्यामुळे अँटिबायोटिकने तो थांबत नाही. इतर अनेक ऑटोइम्यून आजारांत चालणारी स्टेरॉइड्सही इथे उपयोगी पडत नाहीत. शिरेतून इम्युनोग्लोब्युलिन देणं किंवा प्लाझ्मा बदलणं हेच मुख्य उपचार आहेत आणि ते पहिल्या दोन आठवड्यांत सुरू झाले तर जास्त फायदा होतो. पायांतला अशक्तपणा वर सरकत असेल, गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास होत असेल, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावं.